पर्ड्यूचे बाहेरगावचे बास्केटबॉल सामने मोटारीने जाऊन पाहायचे आहेत : कोणते निवडावेत?

कार्मेलवासी (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी पर्ड्यू विद्यापीठातून एम. एस. केले आणि नंतर नोकरीच्या निमित्ताने इंडियानापोलिसच्या उत्तरेला, कार्मेलमध्ये स्थायिक झालो. पुरुषांच्या संघाचे घरचे सामने वेस्ट लाफाएतच्या मॅकी अरिनात आम्ही जमेल तसे पाहतो. परंतु संघ दुसऱ्याच्या गावी खेळायला जातो तेव्हा मात्र आजवर टीव्हीवरच समाधान मानत आलो आहे. या हिवाळ्यात निदान दोन-तीन सामने प्रत्यक्ष तिथे जाऊन पाहावेत असा विचार आहे.

सोबत सातवीत शिकणारा मुलगा असेल आणि सांगलीहून आलेले माझे वडीलही असतील. वडिलांनी आयुष्यभर कबड्डी आणि कुस्ती आवडीने पाहिली आहे. बास्केटबॉल त्यांना नवा आहे, पण गर्दी आणि आरडाओरडा यांचा त्यांना कंटाळा नाही. त्यांचे गुडघे मात्र दुखतात, त्यामुळे फार पायऱ्या चढणे जमणार नाही. एका दिवसात जाऊन येता येईल किंवा फार तर एक मुक्काम करावा लागेल, एवढ्याच अंतराचा विचार करीत आहे. पर्ड्यू ज्या विद्यापीठगटात (कॉन्फरन्समध्ये) खेळते त्या बिग टेनमध्ये २०२४ पासून आलेले पश्चिम किनाऱ्यावरचे चार संघ अर्थातच या हिशेबात नाहीत.

कोणत्या विद्यापीठांचे सामने निवडावेत, तिकिटे कोठून घ्यावीत आणि यजमानांच्या गर्दीत पर्ड्यूचा काळा-सोनेरी सदरा घालून बसणे कितपत शहाणपणाचे आहे, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मिशिगन सरोवराकाठचा

सामना किती मोठा आहे हे पाहून सहल ठरवू नका. तो कोणत्या वारी आहे, किती वाजता सुरू होतो आणि परतीचा रस्ता कोणता, या तीन गोष्टी आधी कागदावर मांडा. तुमच्या बरोबरच्या दोघांचा विचार करता, माझ्या मते, या तिन्हींपुढे प्रतिस्पर्ध्याचे क्रमांकन गौण आहे.

कारण असे, की बिग टेनमध्ये आता १८ संघ आहेत आणि प्रत्येक संघ कॉन्फरन्सचे २० सामने खेळतो. त्यांत तीन प्रतिस्पर्ध्यांशी घरी आणि बाहेर असे दोन-दोन सामने होतात, सात जणांशी फक्त घरी आणि उरलेल्या सात जणांशी फक्त त्यांच्या गावी. त्यामुळे जवळचे प्रत्येक अरिना दरवर्षी तुमच्या वाट्याला येईलच असे नाही. शिवाय वेळा टीव्हीच्या सोयीने ठरतात. शिकागोच्या घड्याळाप्रमाणे रात्री आठला सुरू होणारा सामना तुमच्या घड्याळाने नऊला सुरू होतो. खेळ वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा असला, तरी प्रत्येक डावात सोळा, बारा, आठ आणि चार मिनिटे उरली असताना, चेंडू जसा थांबेल तसे, जाहिरातींसाठी विश्रांती घेतली जाते. त्यात संघांचे स्वतःचे टाइम-आउट आणि शेवटच्या दोन मिनिटांतले फाउल मिळवले, की सामना सहज दोन तासांच्या पुढे जातो. मंगळवारी रात्री असा सामना पाहून कार्मेलला परतायचे म्हणजे पहाटेचे तीन वाजतात आणि सकाळी मुलाची शाळा असते. म्हणून वेळापत्रक हाती आल्यावर आधी शनिवार-रविवारच्या दुपारचे सामने वेगळे काढा आणि मगच पुढचा विचार करा.

पहिल्या सहलीसाठी मी निःसंकोचपणे इव्हन्स्टनचे, म्हणजे नॉर्थवेस्टर्नचे नाव सुचवीन. त्यांचे वेल्श-रायन अरिना संपूर्ण नूतनीकरणानंतर २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाले. तिथे जेमतेम सात हजार प्रेक्षक मावतात, म्हणजे मॅकीच्या निम्मेसुद्धा नाहीत. कोणत्याही जागेवरून मैदान जवळ दिसते आणि वडिलांना फार चढावे लागणार नाही. शिकागो आणि तिच्या उपनगरांत बिग टेनच्या सगळ्याच विद्यापीठांचे माजी विद्यार्थी मोठ्या संख्येने राहत असल्यामुळे इथे पाहुण्या संघाचे रंग इतके दिसतात, की काही वेळा यजमानांनाच परके वाटावे. मात्र तेवढ्यावरून सामना सोपा समजू नका. २०२३ च्या फेब्रुवारीत पर्ड्यू देशात पहिल्या क्रमांकावर असताना इथे हरले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर असताना जादा वेळेत ९२-८८ असे हरले. दोन्ही वेळा विद्यार्थी मैदानात धावून आले. असा प्रसंग आला तर वडिलांना घेऊन घाईने खाली उतरू नका. आपल्या जागीच बसून राहा आणि गर्दी ओसरल्यावर निघा.

दुसरा पर्याय शँपेनचा, म्हणजे इलिनॉय विद्यापीठाचा. इंडियानापोलिसपासून आय-७४ या आंतरराज्य महामार्गाने सरळ पश्चिमेला साधारण १२० मैल, म्हणजे जाऊन-येऊन एका दिवसात सहज होणारा प्रवास आहे. इलिनॉयचे स्टेट फार्म सेंटर १९६३ सालचे असून बाहेरून काँक्रीटच्या प्रचंड उलट्या बशीसारखे दिसते. स्थापत्यासाठीसुद्धा ते एकदा पाहण्यासारखे आहे. वरच्या मजल्यावरच्या जागा उंच आणि खड्या आहेत, तेव्हा वडिलांसाठी खालच्या मजल्यावरचीच तिकिटे घ्या. तिथल्या ‘ऑरेंज क्रश’ या विद्यार्थी-चाहत्यांच्या गटाचा उत्साह कोणत्या थराला जातो, याचे उदाहरण म्हणजे २०२३ मध्ये त्यांनी आयोवातील बाहेरच्या सामन्याची २०० तिकिटे मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचे नाव सांगून घेतली. आयोवाच्या लक्षात आल्यावर ती रद्द झाली. इतक्या खटपटी कराव्या लागाव्यात, यावरूनच बाहेरच्या सामन्यांची चांगली तिकिटे मिळणे किती अवघड असते, हे दिसते.

पाहुण्या संघासाठी राखून ठेवलेल्या जागा थोड्याच असतात आणि त्या आपापल्या विद्यापीठाच्या तिकीट कार्यालयातून, बहुधा देणगीदार सभासदांना अग्रक्रमाने दिल्या जातात. तुम्ही सभासद नसाल तर यजमान विद्यापीठाच्या संकेतस्थळावर किंवा पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर पाहावे लागेल. मे २०२५ पासून अशा संकेतस्थळांना सर्व शुल्कांसह एकूण किंमत सुरुवातीलाच दाखवणे अमेरिकेच्या केंद्रीय नियमाने बंधनकारक झाले आहे, त्यामुळे तुलना करणे पूर्वीपेक्षा सोपे आहे. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक ठिकाणी विद्यार्थी सुट्टीवर गेलेले असतात. त्या काळात किंमती उतरतात, मात्र गोंगाटही उतरतो. वडिलांना पहिल्यांदाच खेळ समजावून सांगायचा असेल, तर ती शांतता तुमच्या पथ्यावरच पडेल.

ब्लूमिंग्टनची माजी विद्यार्थिनी

मी इंडियाना विद्यापीठाची माजी विद्यार्थिनी आहे, त्यामुळे माझे मत पक्षपाती समजावे. तरीही वरच्या प्रतिसादात ब्लूमिंग्टनचा उल्लेखसुद्धा नाही, याचे मला आश्चर्य वाटते. इंडियानात राहणाऱ्या पर्ड्यूच्या चाहत्याने बाहेरचा एकच सामना पाहायचे ठरवले, तर तो ब्लूमिंग्टनच्या आमच्या असेंब्ली हॉलमधलाच असायला हवा. तुमच्या घरापासून ते एका तासाहून थोडेच अधिक दूर आहे, आणि २०२४ मध्ये इंडियानापोलिस ते मार्टिन्सव्हिल हा टप्पा पूर्ण झाल्यापासून आय-६९ ने सिग्नलशिवाय जाता येते.

त्या मार्टिन्सव्हिलमध्ये क्षणभर थांबा आणि मुलाला सांगा, की जॉन वुडन याच गावच्या शाळेतून खेळले, पर्ड्यूतून १९३२ साली पदवीधर झाले आणि पुढे लॉस एंजेलिसच्या यू.सी.एल.ए. विद्यापीठाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी १९६४ ते १९७५ या काळात दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. पश्चिम किनाऱ्यावरच्या ज्या यू.सी.एल.ए.ला मूळ प्रश्नकर्त्याने ‘हिशेबात नाही’ म्हणून बाजूला ठेवले, त्या संघाचे सोनेरी दिवस पर्ड्यूच्याच माणसाने घडवले आहेत.

असेंब्ली हॉल १९७१ मध्ये सुरू झाले आणि त्यात सतरा हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. मैदानाच्या दोन्ही लांब बाजूंना प्रेक्षकांच्या रांगा भिंतीसारख्या उभ्या चढत जातात, त्यामुळे आवाज कोंडून खाली मैदानावर कोसळतो. टोकाला विजेतेपदांचे पाच झेंडे टांगलेले आहेत. त्यांतला १९७६ चा संघ ३२ सामन्यांत अपराजित राहिला होता, आणि त्यानंतर पुरुषांच्या कोणत्याही विजेत्या संघाला ते जमलेले नाही. १९८५ मध्ये प्रशिक्षक बॉब नाइट यांनी मैदानात खुर्ची भिरकावली, तो सामनाही पर्ड्यूविरुद्धचाच होता, आणि तो पर्ड्यूने जिंकला हे मी नाइलाजाने नमूद करते.

आता अडचण सांगते. हा उभा चढ दुखऱ्या गुडघ्यांना मुळीच मानवणारा नाही. वरच्या सज्जातल्या जागा तर कितीही स्वस्त मिळाल्या तरी वडिलांसाठी घेऊ नका. तिकीट कार्यालयाला फोन करून, पायऱ्या न चढता पोहोचता येईल अशा राखीव जागांची चौकशी करा. ही सोय सर्वच अरिनांत असते आणि मागायला संकोच करण्याचे कारण नाही. पर्ड्यूविरुद्धच्या सामन्याचे दर हंगामातल्या सर्वांत चढ्या दरांपैकी असतात, हेही लक्षात घ्या.

पवनचक्क्यांच्या वाटेवर

मी लाफाएतमध्ये राहतो आणि कामासाठी वारंवार शिकागोला मोटारीने जातो. वरच्या दोघांनी अरिनांविषयी उत्तम लिहिले आहे. रस्त्याविषयी मात्र कोणी फारसे बोललेले नाही, आणि जानेवारी-फेब्रुवारीत सहल त्यावरच अवलंबून असते.

लाफाएतच्या उत्तरेला आय-६५ मोकळ्या सपाट शेतांमधून जातो. तिथे उभ्या केलेल्या शेकडो पवनचक्क्या पाहिल्या, की वाऱ्याबद्दल वेगळे सांगावे लागत नाही. आकाशातून एक कणही पडत नसताना शेतात साचलेले बर्फ वाऱ्याने उडून रस्त्यावर येते आणि पुढची मोटार दिसेनाशी होते. तापमान शून्याखाली असेल तर तेच बर्फ डांबरावर काचेसारखे गोठते. पुढे गॅरी शहराजवळ आय-८०/९४ महामार्गावर मालमोटारींची दाटी असते, आणि मिशिगन सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्यामुळे सरोवराकाठच्या पट्ट्यात अचानक जोराचा हिमवर्षाव होतो. त्याच वेळी तीस मैल दक्षिणेला ऊन असू शकते. त्यामुळे कार्मेलच्या खिडकीतून आकाश पाहून निर्णय घेणे व्यर्थ आहे.

इंडियानात प्रत्येक काउंटी (म्हणजे जिल्हा) प्रवासाची स्थिती रंगाने जाहीर करते. पिवळा रंग म्हणजे सावधगिरी. नारिंगी रंग असेल तर कामासारख्या अत्यावश्यक कारणाशिवाय निघू नये अशी अपेक्षा असते, आणि लाल रंग असेल तर आणीबाणीच्या सेवेतील लोकांखेरीज इतरांनी रस्त्यावर येऊ नये असा आदेश असतो. राज्याच्या संकेतस्थळावर हा नकाशा सतत अद्ययावत होतो. निघण्यापूर्वी मार्गावरच्या सर्व काउंट्या पाहा आणि सामन्याच्या मध्यंतरात परतीच्या मार्गासाठी तो पुन्हा पाहा. वाटेत कोठेही नारिंगी दिसला तर तिथेच मुक्काम करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. विनामूल्य रद्द करता येणारी खोली आधीच राखून ठेवली, तर हा निर्णय घेताना मन कचरत नाही.

काच धुण्याचे द्रव शून्याखाली न गोठणारे हवे. पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये आणि मोटारीत ब्लँकेटे, पाणी व फोनचा चार्जर ठेवावा. इव्हन्स्टनसाठी आय-६५, मग ८०/९४ आणि पुढे ९४ असा मार्ग धरला, तर शिकागो स्कायवे टळतो आणि टोल लागत नाही. मात्र शहरातून जाताना गर्दीसाठी निदान एक तास अधिकचा धरा. जाताना वायव्य इंडियानातच घड्याळ एक तास मागे जाते, त्यामुळे आपण लवकर पोहोचलो असे वाटते. तो तास परतीच्या वेळी पुन्हा द्यावा लागतो.

कार्मेलवासी

तिघांचेही मनःपूर्वक आभार. मार्टिन्सव्हिलची माहिती वाचून वडिलांनाच अधिक कुतूहल वाटू लागले आहे. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. एक, मुलगा पर्ड्यूचाच सदरा घालण्यावर ठाम आहे. त्याला परवानगी द्यावी का? दुसरी, ईस्ट लान्सिंगचे (मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या गावाचे) अंतर सुमारे अडीचशे मैल दिसते; मुक्काम करून तिथे जाणे योग्य ठरेल का? वडिलांना मधुमेह असल्यामुळे औषधे आणि थोडे खाणे जवळ ठेवावे लागते. त्याला हरकत घेतील का?

मिशिगन सरोवराकाठचा

सदरा अवश्य घालू द्या. चिडवाचिडवी होईल, पण लहान मुलाच्या आणि वयस्क माणसाच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. पथ्य एवढेच, की विद्यार्थ्यांच्या विभागाला लागून असलेल्या जागा घेऊ नयेत आणि यजमानांचा खेळाडू फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळालेली मोकळी फेक) चुकवतो तेव्हा आनंद बेताचा ठेवावा. संघ जिंकलाच, तर जल्लोष मोटारीत बसल्यावर करावा.

ईस्ट लान्सिंगचे ब्रेस्लिन सेंटर १९८९ मध्ये सुरू झाले. १९९५ पासून टॉम इझो तिथले मुख्य प्रशिक्षक आहेत आणि तिथला विद्यार्थी विभागही त्यांच्याच नावावरून ‘इझोन’ म्हणून ओळखला जातो. आय-६९ तुमच्या दारापासून थेट लान्सिंगपर्यंत जातो, म्हणजे रस्ता चुकण्याची भीती नाही. शनिवारी दुपारचा सामना असेल तर मुक्काम करून जरूर जा. तो आठवड्याच्या मधल्या रात्री असेल तर मी जाणार नाही आणि तुम्हालाही सुचवणार नाही. खरे तर मला स्वतःला मिनियापोलिसचे १९२८ सालचे विल्यम्स अरिना सर्वांत आवडते. तिथे मैदानच आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच बांधलेले आहे आणि राखीव खेळाडू त्याच्या पातळीखाली बसतात. पण ते तुमच्या मर्यादेत बसत नाही, म्हणून पुढच्या कधीतरीसाठी नुसते नोंदवून ठेवतो.

औषधांना हरकत नसते, मात्र ती मूळ वेष्टनात ठेवा आणि प्रवेशद्वारावर आधीच सांगा. बऱ्याच अरिनांत फक्त पारदर्शक पिशवी चालते आणि तिचे मापही ठरलेले असते, म्हणून प्रत्येक ठिकाणचा नियम आदल्या दिवशी वाचा. बाहेरचे खाद्यपदार्थ सहसा आत नेऊ देत नाहीत. वैद्यकीय कारण असल्यास त्याविषयी कार्यालयाकडून आधी ईमेलने होकार घेऊन ठेवा. बाकी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मोटारीतच संपवा. इव्हन्स्टनला गेलात तर दक्षिणेला काही मैलांवर डेव्हन अव्हेन्यू आहे. सामन्यानंतर गरम भारतीय जेवण तिथे मिळेल.

वडिलांना खेळ समजावताना कबड्डीचा आधार घ्या. चढाईला जसे तीस सेकंद मिळतात, तसेच पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये चेंडू हाती आल्यापासून तीस सेकंदांत बास्केटकडे फेक करावी लागते. एवढे घड्याळ कळले की उरलेला निम्मा खेळ त्यांचा त्यांनाच उलगडेल.

पवनचक्क्यांच्या वाटेवर

एक पुरवणी. महिलांचे बाहेरचे सामनेही पाहा. पर्ड्यूच्या महिला संघाने १९९९ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेले आहे, जे पुरुषांच्या संघाला एन.सी.ए.ए.च्या (महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या) राष्ट्रीय स्पर्धेत अजून साधलेले नाही. २०२४ च्या अंतिम सामन्यात पुरुषांचा संघ कनेक्टिकटकडून ७५-६० असा हरला. महिलांची तिकिटे बहुतेक ठिकाणी बरीच स्वस्त असतात, सामने अनेकदा रविवारी दुपारी असतात आणि मैदानालगतच्या जागाही मिळू शकतात. फक्त तिथे दहा-दहा मिनिटांचे चार भाग असतात, हे वडिलांना आधीच सांगा.

कार्मेलवासी

घरी चर्चा होऊन असे ठरले आहे, की वेळापत्रकात शनिवार-रविवारच्या दुपारचा सामना असेल तर आधी इव्हन्स्टनला जावे आणि शिकागोत एक रात्र राहावे. शँपेनला एका दिवसात जाऊन यावे. आणि ब्लूमिंग्टनसाठी पायऱ्यांशिवायच्या जागा मिळाल्या, तरच तिकिटे घ्यावीत. त्यांच्या तिकीट कार्यालयाला सोमवारी फोन करीत आहे.

ब्लूमिंग्टनची माजी विद्यार्थिनी

फोन करताना बरोबर किती जण आहेत आणि वडिलांना किती पायऱ्या चालतील, हे नेमके सांगा. अशा जागांसोबत सोबत्यांसाठी लागूनच्या मर्यादित जागा मिळतात, त्यामुळे तिघांची तिकिटे एकाच वेळी मागा. आणि मुलाला आमच्याकडचा लाल सदरा हवा असेल, तर कळवा.